बिऱ्हाड पाठीवर

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी वर्गात निदान वीस वेळा तरी शिकवली असेल. फळ्यावर लिहायची, अर्थ सांगायचा आणि मुलांकडून वाक्यात उपयोग करून घ्यायचा. मुलेही दरवर्षी इमानाने एकच वाक्य लिहितात, की मामांची सारखी बदली होते म्हणून त्यांचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असते. पण पाठीवर बिऱ्हाड घेतलेले माणूस प्रत्यक्ष दिसते कसे, हे मला गेल्या पौषातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या नागापूरच्या थांब्यावर कळले.

मी भाजी घेऊन परतत होते. थांब्यावर गर्दी दिसली. गर्दीच्या मधोमध पंचवीस-सव्वीस वर्षांची एक गोरी, उंच मुलगी उभी होती. पाठीवर तिच्या डोक्याच्याही वर गेलेली सॅक, सॅकच्या खाली गुंडाळलेली सतरंजीवजा चटई, एका बाजूला लोंबणारा पत्र्याचा मग आणि दुसऱ्या बाजूला नाड्यांनी बांधलेला बुटांचा जोड. दोन रिक्षावाले तिच्यावरून वाद घालत होते. एक म्हणत होता शिर्डी, दुसरा म्हणत होता अरणगाव. आमच्याकडे परदेशी माणूस दिसला की तो या दोहोंपैकी एका ठिकाणी जाणारा असणार, हे ठरलेले. शिर्डीचा रस्ता तर आमच्या दारावरूनच जातो आणि अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे, तिथे त्यांचे परदेशी भक्त कित्येक वर्षांपासून येतात. त्यामुळे ती मुलगी दोन्हीकडे मान हलवून नको म्हणते आहे, हे त्या बिचाऱ्यांना पटतच नव्हते. इथवर येऊन साईबाबा नको, मेहेरबाबाही नको, मग ही आली कशाला?

मला बघून पानवाला म्हणाला, "बाई आल्या. बाईंना इंग्रजी येतं." झाले! माझे इंग्रजी मॅट्रिकचे. पण ती मुलगी जर्मन निघाली. तिचेही इंग्रजी शाळेत शिकलेलेच होते. दोघीही सावकाश, एकेक शब्द निवडून बोलत होतो, आणि त्यामुळे एकमेकींचे सगळे समजत होते. तिच्या कागदावर नाव होते अहमदनगर. मनमाडहून ती ज्या गाडीत बसली तिच्या पाटीवर होते अहिल्यानगर, कारण २०२४ साली शहराचे नाव बदलले. कंडक्टर आणि उतारू बोलत होते नुसते नगर. आणि कंडक्टरने 'नागापूर, नागापूर' असा पुकारा केला तेव्हा ही बाई घाईघाईने उतरून मोकळी झाली. एका शहराच्या तीन नावांत चौथे नाव आमच्या गावाचे मिसळले आणि ती सात-आठ किलोमीटर अलीकडेच राहिली.

तिला रिक्षात बसवून शहरातल्या एखाद्या लॉजवर पाठवणे काही अवघड नव्हते. पण दिवस मावळला होता, थंडी पडू लागली होती, आणि घरी सासूबाई होत्या. परक्या मुलखातली पोर रात्रीची दारावरून पुढे धाडली असे त्यांना नंतर कळले असते तर पुढचे आठ दिवस मला ऐकावे लागले असते. मी म्हटले, "चल घरी."

आमच्या ह्यांची त्या दिवशी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट होती, म्हणून घरात आम्ही तिघीच. सासूबाईंनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि मला विचारले, "एकटीच हिंडती व्हय ही?"

"एकटीच."

"आईबाप हायेत ना?"

मी विचारून सांगितले की आहेत.

"आन् त्यांनी सोडलं?" मग त्या सॅककडे बघत राहिल्या. ती भिंतीशी टेकवून ठेवली होती. त्यांनी एका हाताने उचलून पाहिली, उचलेना. "एवढं वझं घेऊन हिंडायचं, त्यापरीस घरी काय वाईट होतं?" हे मी काही तिला इंग्रजीत सांगितले नाही. पण तिला आशय कळला असावा, कारण ती हसली आणि तिने सासूबाईंच्या पायाशी बसून चुलीतले निखारे हाताने शेकून घेतले. गॅस असला तरी भाकरीला आमच्याकडे अजून चूल लागते. बाजरीची भाकरी, पिठले आणि लसणाचा ठेचा. ठेच्याने तिच्या डोळ्यांतून पाणी काढले, तरी तिने ताटात काही टाकले नाही. सासूबाईंचे मत तिथे बदलले. आमच्याकडे ताटात न टाकणाऱ्या माणसाला अर्धी परीक्षा माफ असते.

जेवणे झाल्यावर तिने सॅकच्या आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक कार्ड होते, जुने, पिवळे पडलेले. वर छापील इंग्रजी अक्षरांत युद्धकैद्यांच्या छावणीचे नाव होते आणि खाली होते आमच्या शहराचे. कार्डावर तपासणी झाल्याचा शिक्का होता आणि साल होते १९१७. तिच्या पणजीच्या भावाने ते घरी पाठवले होते. तो मुंबईत एका जर्मन पेढीवर कारकून होता. १९१४ साली युद्ध सुरू झाले, सरकारच्या लेखी तो शत्रू ठरला, आणि त्याने आयुष्यात बंदूक धरली नसताना त्याला उचलून इकडे आणले गेले.

मी चौथीला इतिहास शिकवते. शिवाय कादंबऱ्या लिहिते आणि त्यांतल्या दोहोंत मी वेढे, बुरूज आणि भुयारे घातली आहेत. पण आपल्या गावाशेजारी जर्मन कैद्यांची छावणी होती, हे मला त्या रात्री त्या पोरीकडून कळले. मागाहून मी शोध घेतला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक, त्यांत व्यापारीही होते आणि मिशनरीही, नगरला आणून ठेवले होते. त्याआधी १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी भुईकोट किल्ल्यात होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा १९३९ साली पुन्हा जर्मन आले. पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून जाऊन तिबेटात सात वर्षे राहिलेला आणि त्यावर पुस्तक लिहिणारा हाइन्रिश हारर हाही आधी नगरलाच होता. आणि १९४२ चे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. एवढे लोक दूरदूरहून आमच्या शहरात आले, पण त्यांतला एकही आपल्या पायांनी आलेला नव्हता. ही मुलगी मात्र बोचके पाठीवर घेऊन आपल्या खुशीने आली होती.

"काय लिहिलंय त्यात?" सासूबाईंनी विचारले.

तिने वाचून एकेक ओळ इंग्रजीत सांगितली आणि मी मराठीत. प्रकृती बरी आहे. ऊन फार आहे. आम्ही थोडा भाजीपाला लावला आहे. आणि शेवटी असे, की पूर्वेला एका डोंगरावर एक मनोरा आहे, सकाळी सूर्य त्याच्या मागून वर येतो, मी तो रोज पाहतो, पण तो कशाचा आहे हे मला इथे कोणी सांगत नाही.

"चांदबिबीचा म्हाल!" सासूबाई म्हणाल्या.

मी सांगण्याच्या आधी त्या बोलल्या. मग मी तो शब्द तिला सांगितला तेव्हा ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या घरात हे कार्ड तीन पिढ्या होते. तो मनुष्य युद्ध संपल्यावर सुखरूप घरी गेला, त्याने पावाची भट्टी घातली, म्हातारा होऊन मेला, आणि हिंदुस्थानाविषयी घरात चकार शब्द बोलला नाही. त्याचे मागे राहिलेले बोलणे म्हणजे हे एवढेच. आणि त्याचा तो मनोरा आमच्या सासूबाईंना चुलीपुढे बसल्या बसल्या ठाऊक होता.

"लांब आहे का?" तिने विचारले.

"छे! जवळच आहे. उद्या रविवार आहे, तुला नेते. वाटेत किल्लाही बघू," मी म्हटले. आणि बोलून गेल्यावर माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

त्याचे कारण सांगते. माझे वडील शेवटची अडीच वर्षे आमच्याकडे होते. आई गेल्यावर गावी त्यांचे करणारे कोणी राहिले नाही म्हणून मी त्यांना आणले. त्यांना वाचनाचा नाद. नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चे मराठी भाषांतर त्यांनी तरुणपणी वाचले होते आणि ते पुस्तक नगरच्या किल्ल्यात लिहिले गेले याचा त्यांना, स्वतः लिहिले असावे इतका अभिमान. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, "ती खोली बघायला मिळते म्हणतात. एकदा जाऊन येऊ." मी म्हटले, "जाऊ की! जवळच आहे." मग परीक्षा आल्या. मग उन्हाळा. मग माझी कादंबरी प्रकाशकाला द्यायची होती. दिवाळीच्या सुटीत त्यांनी पुन्हा आठवण केली, अगदी सहज, दुसऱ्या कशाबद्दल बोलता बोलता. मी म्हटले, "थोडी थंडी पडू द्या." तिसऱ्यांदा विचारले ते मला नाही, माझ्या मुलाला विचारले, "किल्ल्याला रिक्षा किती घेते रे?" मुलगा तेव्हा नुकताच पुण्याला शिकायला जाणार होता, त्याच्या गडबडीत तेही राहिले. लेकीच्या घरी राहणारा बाप हट्ट करीत नाही. चौथ्यांदा त्यांनी विचारले नाही. वैशाखात ते गेले.

लांबच्या गावाला माणूस तिकीट काढून ठेवतो, रजा टाकतो, फराळाचे करून घेतो. जवळच्या गावाला कधीही जाता येते, म्हणून ते राहून जाते. आम्ही ह्यांच्या रजेत म्हैसूर पाहिले, वेरूळ पाहिले. सात-आठ किलोमीटरवरचा किल्ला तेवढा राहिला. आणि ज्या वाटेने मी बापाला नेले नाही, त्या वाटेने एका अनोळखी पोरीला न्यायला मी एका दमात कबूल झाले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सकाळी ओळखीच्या रिक्षावाल्याला दिवसभरासाठी ठरवले. तिने सॅक आमच्याकडेच ठेवली, कारण रात्री पुण्याच्या गाडीला आमच्या घरूनच निघायचे होते. पाठीवर बिऱ्हाड नसल्यामुळे ती थोडी पोरकी दिसत होती, सारखा खांद्याला हात लावून बघायची.

आधी दिल्ली दरवाजाजवळच्या बागरौज्यात गेलो. शहर वसवणाऱ्या मलिक अहमद निजामशहाची तिथे कबर आहे. १४९० मध्ये त्याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि ते ठिकाण आवडले म्हणून तिथे नगर वसवले, हे मी दरसाल शिकवते. पण काळ्या दगडातले ते कोरीवकाम बोटाने चाचपून बघावे असे मला कधी सुचले नव्हते. तिने सुचवले. म्हणजे बोलली काही नाही, नुसता हात लावला. मग मीही लावला. दगड सकाळच्या थंडीने गार पडला होता. आवारात गुलाम अली नावाच्या हत्तीचे स्मारक आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत त्याने विजयनगरच्या रामरायाला पकडले असे सांगतात. हत्तीचे स्मारक पाहून ती फार खूष झाली. विजापूरची प्रचंड मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये याच शहरात ओतली आणि ओतणारा मुहंमद बिन हुसेन हा तुर्कस्तानचा होता, हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तुमच्या शहरात लांबून येणारे लोक काही आजचे नाहीत!"

हे खरेच होते. मला एकदम पुष्कळ माणसे आठवू लागली. मलिक अंबर आफ्रिकेतून आला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली इथे आले आणि त्यांच्यातल्या मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिकवण्याचे शिक्षण घ्यायला नगरला आल्या होत्या. औरंगजेब अख्खा मुलूख पालथा घालीत शेवटी इथे भिंगारला येऊन १७०७ मध्ये मेला. माझ्या डोक्यात ही सगळी माणसे धडा पहिला, धडा दुसरा अशी वेगवेगळ्या कप्प्यांत होती. रिक्षात बसून तिला सांगताना ती एका गल्लीत राहिल्यासारखी झाली.

दमडी मशीद पाहून आम्ही किल्ल्यापाशी आलो तेव्हा अकरा वाजले होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. दारावरच्या जवानाने नम्रपणे ओळखपत्र मागितले. मी माझे काढले. तिने खिसे चाचपले, गळ्यातली पिशवी पाहिली आणि कपाळावर हात मारला. पासपोर्ट सॅकमध्ये होता. सॅक नागापूरला होती.

परत जाऊन यायचे म्हणजे दीड तास, आणि मग डोंगरावर जायला वेळ राहिला नसता. मी तिला हिशेब समजावून सांगितला. ती म्हणाली, "माझा मनोरा आहे. किल्ला तुझा आहे. तू जाऊन ये. मी इथे बसते."

"मला काय, मी केव्हाही येईन. मी इथलीच," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले. तिला वडिलांचे काहीच ठाऊक नव्हते. तिने सहज विचारले, "याआधी किती वेळा आली आहेस?"

मी काही न बोलता ओळखपत्र जवानापुढे धरले.

किल्ल्याला भोवती रुंद खंदक आहे. मूळचा मातीचा कोट, तो हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास दगडाने बांधून काढायला घेतला. याच हुसेनची मुलगी चांदबिबी. १५९५-९६ साली अकबराच्या मुलाने, मुरादने, वेढा घातला तेव्हा सुरुंगाने पडलेले खिंडार तिने उभे राहून रातोरात बुजवून घेतले आणि १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला ठार केले. हे सगळे मला पाठ आहे. मी खंदकावरून चालले होते आणि ते पाठच म्हणत होते, बहुधा दुसरे काही आठवू नये म्हणून.

मग ती इमारत आली. अंगणाला धरून ओळीने खोल्या. अगदी साध्या, आमच्या शाळेच्या वर्गांसारख्या. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले आणि आगगाडीने इथे आणले. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेन्द्र देव, आपले शंकरराव देव, असे बारा जण. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने सुरुवातीला लोकांना कळूही दिले नव्हते. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत आपले पुस्तक इथे लिहून काढले. आझादांनीही आपल्या पत्रांचे पुस्तक इथेच लिहिले आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारल्याची बातमी त्यांना इथेच कळली.

मी नेहरूंच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. रविवार असून त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. वडील असते तर काय केले असते, ते मला स्पष्ट दिसले. चपला बाहेर काढल्या असत्या. काढू नका म्हटले असते तरी काढल्या असत्या. मग चष्मा पुसला असता. मग भिंतीवरचे प्रत्येक अक्षर, अगदी सूचनासुद्धा, पुटपुटत वाचले असते, आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितले असते.

मी चपला काढल्या आणि सगळे वाचले. सूचनासुद्धा.

बाहेर आले तेव्हा ती निंबाखाली दगडावर बसली होती. "सांग," ती म्हणाली. तो आमचा ठरावच होता. मी सांगू लागले. अंगण कसे, खोल्या कशा. त्या अंगणात नेहरू बाग करीत असत. जमीन खडकाळ, कुदळ मारली की जुन्या इमारतींचे दगड आणि तुकडे वर यायचे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या मातीत त्यांनी फुले लावली. हे सांगताना मला त्या कार्डावरचा भाजीपाला आठवला. कोणीही कुठून आणून कोंडला तरी माणूस जमीन उकरून काहीतरी लावतोच. मग मी खोलीबद्दल सांगितले, टेबलाबद्दल सांगितले, कोणती खोली कोणाची ते सांगितले. बराच वेळ बोलले असेन. थांबले तेव्हा लक्षात आले की मी केव्हापासून मराठीतच बोलत होते. आणि एकेरीत नव्हे. "तुम्हाला सांगते," असे म्हणत होते.

तिने मला मध्ये टोकले नव्हते. आता तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

शाह डोंगर शहरापासून दहा-बारा किलोमीटर पूर्वेला. आता वरपर्यंत रस्ता आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. चांदबिबीचा महाल म्हणतात तो मुळी महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मुर्तजा निजामशहाचा दिवाण सलाबतखान याची ती कबर. अष्टकोनी, तीन मजली, प्रत्येक बाजूला उंच कमानी. शहराला पाणी मिळावे म्हणून, बागा व्हाव्यात म्हणून धडपडणारा हा शहाणा कारभारी. फराहबागेतला तो भव्य महालही १५८३ मध्ये त्यानेच पुरा केला. तोही अखेरीला धन्याच्या मर्जीतून उतरला आणि कैदेत पडला. मी तिला हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एक कैदी रोज दुसऱ्या कैद्याच्या कबरीकडे बघत होता आणि त्याला ते माहीत नव्हते."

अरुंद जिन्याने आम्ही वर गेलो. पश्चिमेला सगळे शहर पसरलेले, त्याच्यावर मावळता सूर्य. किल्ल्याच्या जागी झाडांचा गडद गोल पुंजका. उजवीकडे लांब कारखान्यांचा धूर, तिथे आमचे नागापूर. तिने पाकिटातून कार्ड काढले आणि कमानीत उभी राहून शहराकडे तोंड करून हातात धरले. त्याने तिथून इकडे पाहिले होते, ती इथून तिकडे पाहत होती. फोटो काढायचा का, असे मी विचारले. ती नको म्हणाली. मग वहीचे पान उघडून मला म्हणाली, "हे कशाचे आहे, ते तुझ्या भाषेत लिहून दे." मी फळ्यावर लिहिते तशा मोठ्या अक्षरांत लिहिले, 'सलाबतखानाची कबर.' थोडा विचार केला आणि खाली कंस करून लिहिले, 'लोक चांदबिबीचा महाल म्हणतात.' सासूबाईंनी सांगितले होते, ते खोटे पाडणे मला बरे वाटेना.

रात्री घरी जेवून ती निघाली. सासूबाईंनी तिच्या सॅकमध्ये चार भाकऱ्या आणि ठेच्याची पुडी कोंबली. मग मागे उभे राहून त्या दोन्ही हातांनी सॅक खालून उचलून धरू लागल्या, तिला पट्टे अडकवता यावेत म्हणून. वजन उचलले गेले तसे ती मुलगी वळून म्हणाली, "थँक यू, आजी." 'आजी' हा शब्द तिला कोणी शिकवला कोण जाणे. मी नव्हता शिकवला. बस आली, बिऱ्हाड हलले, आणि आम्ही दोघी थांब्यावरून परत फिरलो.

वाटेत सासूबाई गप्प होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "वरून काय दिसतं गं?"

"कुठून?"

"म्हालावरून. लगीन होऊन आले तव्हापासून रोज सकाळी बघती. साठ वर्षं झाली. वर काय कुनी नेलं नाय."

सोमवारी पेपर तपासायचे होते. मंगळवारी शाळेत तपासणी होती. तोंडात तेच जुने उत्तर तयार झाले होते, की जाऊ की, जवळच आहे. मी ते गिळले आणि म्हटले, "उद्या जायचं. सकाळची शाळा सुटली की."

दुसऱ्या दिवशी कालच्याच रिक्षातून त्यांना नेले. जिना काही त्यांना चढवला नाही. खालच्या कमानीतच त्या टेकल्या, गुडघे चोळले, पदर सावरला, आणि खाली पसरलेल्या गावाकडे बराच वेळ बघत राहिल्या. आपले घर कुठे, नदी कुठे, सगळे विचारून घेतले. मग रिक्षा उभी होती तिकडे पाहून म्हणाल्या, "एवढं जवळ होतं व्हय?"